चिंतामणरावांची वीस मिनिटं

चिंतामणराव पाठकांना वीस मिनिटं पाहिजे होती. बंगला नको, पद नको, पुरस्कार तर नकोच नको. हातात माईक, समोर चार माणसं आणि वीस मिनिटं. एवढीशी गोष्ट मागणाऱ्या सज्जन माणसाचे बुलढाण्यात काय हाल होतात ते ऐका, आणि मग मला सांगा की लोक गप्प का बसतात.

तसं पाहिलं तर भाषण हा चिंतामणरावांचा रोजचा धंदा होता. तेहतीस वर्षं एका मोठ्या कार्यालयात त्यांनी दुसरं केलंच काय? झेंडावंदन असो, वृक्षारोपण असो, कुणाचा निरोप समारंभ असो, लिहायचे चिंतामणराव आणि बोलायचे साहेब. साहेब बदलले, झाडं वाळली, चिंतामणरावांचं पेन चालूच. बाहेरचे पुढारीसुद्धा मसुदा त्यांच्याकडूनच न्यायचे. कहर म्हणजे ते स्वतः निवृत्त झाले त्या दिवशी साहेबांनी त्यांच्याबद्दल जे डोळ्यांत पाणी आणणारं भाषण केलं, तेही त्यांनीच आदल्या दिवशी लिहून दिलं होतं. सत्काराला उत्तर म्हणून स्वतःचं एक पान त्यांनी खिशात ठेवलेलं, पण साहेबांना मीटिंग होती. ते पान खिशातच राहिलं आणि पुढच्या आठवड्यात पँटीबरोबर धुतलं गेलं. तेव्हापासून हा माणूस आतून बेचैन होता.

निमित्त मिळालं शेजारी. शेजारचे सहदेवराव एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले, त्यांचा मुलगा प्रसेनजित संशोधनासाठी पोलंडला असतो. एका दुपारी चिंतामणराव पेपर परत करायला गेले, तर सहदेवरावांच्या पत्नी बेबीताईंचा मुलाशी व्हिडिओ कॉल चालू होता. तिकडची घरमालकीण बाई मधेच पडद्यावर आली आणि मान डोलावत म्हणाली, "ताक, ताक."

"काय मागते हो ही?" बेबीताई घाबरल्या. "तिच्या इथं दही नाही लागत का बे, प्रसेन?"

प्रसेनजित हसत म्हणाला, "आई, ताक म्हणजे हो. इथं हो म्हणायला ताक म्हणतात. आणि गंमत सांगू का काका, मागच्या महिन्यात डेन्मार्कले गेलो, तर तिथं ताक म्हणजे आभार!"

बस. एवढंच तो बोलला आणि जेवायला गेला. इकडे चिंतामणरावांचं जेवण सुटलं. दोन अक्षरी युरोपी शब्द, पण चैन पडेना. ग्रंथालयातून कोश आणले, फोनवर शोधलं, प्रसेनजितला भल्या पहाटे मेसेज पाठवून उठवलं. पोलंडात ताक म्हणजे हो, त्याचं मूळ 'असं' या अर्थाचं. डेन्मार्कात आभार, आणि तो शब्द इंग्रजी थँकचा सख्खा भाऊ, ज्याचं गोत्र विचार करण्याशी जुळतं. स्वीडनमध्ये जावं तर ताक म्हणजे घराचं छप्पर, झाकणे या अर्थाच्या एका पुरातन धातूपासून निघालेलं, ज्याचा एक चुलता आपल्या संस्कृतातही निघाला. आणि हॉलंडमध्ये ताक म्हणजे झाडाची फांदी, जिच्या मुळाबद्दल विद्वानांचंच अजून एकमत नाही. अक्षरं तीच, घराणी वेगळी. चिंतामणराव खुर्चीवर बसत, उठत, गॅलरीत जात, परत येत. त्यांच्या पत्नी वासंतीबाईंनी शेवटी खुर्चीच गॅलरीत नेऊन ठेवली.

दोन महिन्यांत अकरा पानं तयार झाली. सुवाच्य, समास सोडून, बरोबर वीस मिनिटांची. या वेळी बोलणार मात्र चिंतामणराव स्वतः. ठरलं म्हणजे ठरलं.

गावातल्या लोकसेवा वाचनालयाचे कार्यवाह वामनराव लगेच तयार झाले. "रविवारी संध्याकाळी पाच वाजता. हॉल रिकामाच असतो. फक्त पत्रिका छापावी लागेल."

या 'फक्त'नं पुढं सगळा घात केला.

संध्याकाळी सहदेवरावांनी पत्रिकेचा कच्चा कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. "पाठक साहेब, ह्याच्यात तर तुमचं एकट्याचंच नाव हाय."

"मग? बोलणार मीच आहे."

"तुमच्या नावानं कोन येते? राग नका मानू. एका शब्दावर वीस मिनिटं, थे बी परदेशातल्या! माणूस पत्रिका पाह्यते, वजनदार नाव दिसलं तं पँट घालते. अध्यक्ष पाह्यजे. जानरावजीले बोलवा."

जानरावजी म्हणजे मोताळ्याकडच्या एका सहकारी सूतगिरणीचे अध्यक्ष. गिरणी अजून सुरू व्हायची होती, अध्यक्ष मात्र बारा वर्षांपासून जोरात सुरू होते. चिंतामणरावांनी पूर्वी त्यांची भाषणं लिहिलेली. त्यांनी मनावर दगड ठेवून नाव टाकलं.

"आन् बायामाणसाचं एक बी नाव नाही?" बेबीताई दारातूनच म्हणाल्या. "आम्ही काय नुसत्या सतरंजीवर बसाले येऊ? जानरावजीच्या आशाबाई महिला मंडळाच्या अध्यक्ष हायेत. दिवा त्यायच्या हातून लावा."

नाव टाकलं. आता नियमच असा आहे की एक नाव टाकलं की दुसरा दुखावतो. जानरावजी आले म्हणजे त्यांच्या विरोधी गटाचे एक हवेतच, नाहीतर वाचनालय एका बाजूचं ठरतं. ते दोघं आले म्हणजे माजी मुख्याध्यापक राहून कसे चालतील? त्यांनी दोघांनाही शिकवलंय, म्हणजे तसा आरोप आहे. वामनरावांचे साडू झाले, हॉलचे पंखे ज्यांनी दिले ते झाले, देतो म्हणून न दिलेले झाले. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती. शेवटी मराठी भाषेतले उपस्थितीचे प्रकार संपले, माणसं उरली, तेव्हा वामनरावांनी 'गौरवशाली उपस्थिती' असा नवा प्रकार काढला.

चौदा नावं झाली. छापखानेवाल्यानं फोन केला. "काका, खाली एकच ओळ उरली. विषय ठेवू का वक्ता ठेवू?"

चिंतामणराव गॅलरीत तीन फेऱ्या मारून आले. स्वतःचं नाव की ताक? दोन महिने ज्यानं झोप उडवली त्या शब्दाला ऐन वेळी दगा द्यायचा? "विषय ठेवा," ते म्हणाले.

छापखानेवाला मात्र दयाळू निघाला. त्यानं कोपऱ्यात बारीक अक्षरांत जागा काढलीच. पत्रिका हातात आली तेव्हा त्यावर होतं: 'वक्ते : स्थानिक.'

वासंतीबाई ती पत्रिका चष्मा लावून, चष्मा काढून वाचत होत्या. "अहो, हे स्थानिक कोण?"

"मी," चिंतामणराव म्हणाले आणि चप्पल घालून परवानगी काढायला निघून गेले.

लाउडस्पीकरच्या परवानगीची गोष्ट सांगितली नाही तर त्या कार्यालयावर अन्याय होईल. कार्यालयाचं नाव घेत नाही, तिथल्या खुर्च्यांनाही आपलं आयुष्य आहे. अर्जात 'कार्यक्रमाचे स्वरूप' असा रकाना होता. चिंतामणरावांनी लिहिलं, 'युरोपीय भाषांतील एका शब्दाचे विविध अर्थ व व्युत्पत्ती.' टेबलामागच्या बाईंनी ते दोनदा वाचलं. "धार्मिक का राजकीय?"

"दोन्ही नाही."

"मग यात बसत नाही. तिसरा रकानाच नाही." त्यांनी फाईलवर शेरा मारला: 'सदर शब्द आक्षेपार्ह नसल्याबाबत अर्जदाराने चारही देशांतील अर्थांसह स्वयंघोषणापत्र सादर करावे.' दुसऱ्या कुणाचं डोकं फिरलं असतं. चिंतामणरावांना मात्र शेरा आवडला. किती नेमका, किती वळणदार! आपल्या काळात आपणही असाच मारला असता. तीन खेपा घातल्या, घोषणापत्रात 'छप्पर' आणि 'फांदी' ही निरुपद्रवी आहेत असं सही करून लिहून दिलं, तेव्हा कुठे परवानगी हातात पडली.

राहिलं जानरावजींना निमंत्रणाचं पत्र. ते चिंतामणरावांनी स्वतः हातानं लिहिलं. विषय, संदर्भ, महोदय, सगळं जागच्या जागी. खाली हात आपोआप गेला आणि 'सोबत :' असं लिहून मोकळा झाला. तेहतीस वर्षांत सोबत काही नसलेलं पत्र त्यांच्या टेबलावरून गेलंच नव्हतं. 'सोबत' लिहिलं आणि सोबत काही नाही, हे पत्र त्यांना बटण तुटलेल्या सदऱ्यासारखं दिसायला लागलं. भाषणाच्या दोन स्वच्छ प्रती होत्याच. एक त्यांनी माहितीसाठी म्हणून टाचणीनं जोडली आणि पत्र रवाना केलं.

रविवार उजाडला. पाचचा कार्यक्रम, चिंतामणराव साडेतीनलाच हॉलवर. पिशवीतली अकरा पानं त्यांनी चार वेळा मोजली. पाच वाजता मंचावर खुर्च्या चौदा आणि समोर माणसं नऊ. साडेपाचला वामनराव म्हणाले, जानरावजी धाड गावी एका लग्नात आहेत, निघालेत. सहाला म्हणाले, आता खरंच निघालेत. सव्वासहाला दोन गाड्या आल्या, त्यातून जानरावजी, आशाबाई आणि जानरावजींचे पीए कचरूभाऊ उतरले, आणि त्यांच्या मागे खरोखर हॉल भरला. सहदेवरावांनी दुरूनच अंगठा दाखवला.

दीपप्रज्वलनासाठी पंखे बंद केले, मग कुणाला चालू करायचं सुचलं नाही. सत्कार सुरू झाले. नारळ आणले होते आठ, मंचावर माणसं चौदा. वामनराव काही कच्चे नाहीत. ज्यांचा सत्कार झाला त्यांच्या मागच्या बाजूनं नारळ हळूच काढून घेऊन ते पुढच्यासाठी पुन्हा पाठवत होते. माजी मुख्याध्यापकांनी नारळ सोडायला नकार दिला तेव्हा दोन मिनिटं पडद्याआडून ओढाताण झाली. चिंतामणरावांची खुर्ची पंधरावी, ती मंचावर बसली नाही. ते पहिल्या रांगेच्या टोकाला बसून घड्याळ पाहत होते, पाय हलवत होते. त्यांचा सत्कार राहून गेला, पण तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. फक्त माईक पाहिजे होता.

प्रास्ताविक झालं. गौरवशाली उपस्थिती बोलून गेली. सात वाजले. वामनराव म्हणाले, "आता आपण ज्यासाठी जमलो," आणि चिंतामणराव अर्धवट उठलेही. तोच जानरावजींनी हात वर केला.

"मले सोनाळ्याले जायचं हाय. वक्त्याचं काय, ते तं स्थानिकच हायेत. मी आधी बोलून घेतो." त्यांनी जाकिटाच्या खिशातून कागद काढले, चष्मा लावला आणि घसा साफ केला. "बंधू-भगिनींनो! गेले दोन महिने एका शब्दाने मला घरात धड बसू दिलेलं नाही."

चिंतामणरावांना क्षणभर बरंच वाटलं. यांनाही? मग दुसरं वाक्य आलं. ते त्यांचं भाषण होतं. शब्द न् शब्द, स्वल्पविराम न् स्वल्पविराम. जानरावजींचा आवाज दणदणीत, पोलंडात 'ताक' म्हणजे 'हो' हे त्यांनी असं सांगितलं की जणू आत्ताच तिथून आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चिंतामणरावांनी सवयीनं कंसात लिहिलेलं 'येथे थांबावे' हेसुद्धा जानरावजींनी मोठ्यानं वाचलं आणि ते थांबले. पुन्हा टाळ्या.

चिंतामणराव खुर्चीच्या टोकावर सरकले. ओरडावं? अध्यक्षांना अडवावं? हे त्यांच्या रक्तात नव्हतं. रडू मात्र येत होतं, साठी उलटलेल्या माणसाला भर सभेत रडू येत होतं. जन्मात एकदाच मिळालेली वीस मिनिटं होती ती, आणि तीही दुसऱ्याच्या तोंडून चालली होती. डेन्मार्क आलं. आभार आले. आभाराचं मूळ विचारात आहे, हेही आलं, आणि माजी मुख्याध्यापकांनी वा म्हटलं.

"आणि या ठिकाणी," जानरावजी रंगात येऊन वाचत होते, "मला माझी पत्नी वासंती हिचे उद्गार आठवतात."

मंचावर शेजारच्या खुर्चीत आशाबाई होत्या. त्या सावकाश वळल्या. "कोन वासंती?"

माईक चालू होता.

"अं? इथं लिहून हाय," जानरावजी कागद उलटासुलटा करून पाहू लागले.

"माह्यं नाव आशा हाय. चाळीस वर्सं झाले. कोन वासंती, आन् हे कधी झालं?"

"मले काय माईत! कचरू! अबे कचरू, हे काय देल्लं तू मले?"

कचरूभाऊ दारातून म्हणाले, "पाठक साहेबाचं अक्षर दिसलं, सायेब. पाठक साहेबाचा कागद म्हंजे तुमचं भाषन. वर्सानुवर्सं असंच तं चालू हाय. पत्र फाईलले लावलं, सोबतचं तुमच्या खिशात ठेवलं."

बिचाऱ्या कचरूभाऊंचं काय चुकलं? आणि चिंतामणराव कधी उभे राहिले ते त्यांनाही कळलं नाही. "वासंती माझी पत्नी आहे!" ते ओरडले. त्यांच्या आयुष्यातलं सभेतलं पहिलं वाक्य ते हेच.

सगळा हॉल वळला. आशाबाईंनी पुढं होऊन नवऱ्याच्या हातातून कागद घेतले, माईक घेतला आणि दोन्ही गोष्टी चिंतामणरावांच्या हातात दिल्या. "घ्या, भाऊ. ज्यानं लिहिलं त्यानं वाचावं. काय म्हनाली मंग तुमची वासंती? आता आम्हाले बी आयकू द्या."

माईक हातात आला. गरम होता. चिंतामणरावांना ओळ पाठ होती. "माझी पत्नी वासंती मला म्हणाली, 'अहो, शब्दांच्या या महासागरात आपण सारे यात्रेकरूच नाही का?'"

"मी असं काही म्हणाले नाही."

तिसऱ्या रांगेत वासंतीबाई उभ्या होत्या. हातात पर्स, पदर नीट खोचलेला. बेबीताई त्यांना मागून ढकलत होत्या, "जा ना, वहिनी, सांगा ना."

"महासागर हा शब्द मी उभ्या जन्मात वापरलेला नाही," वासंतीबाई म्हणाल्या. माईक नव्हता, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "मी म्हणाले होते, पोलंडचं ताक तुमच्याकडं भरपूर आहे. तेहतीस वर्षं ऑफिसात जो आला त्याला हो, हो, हो. डेन्मार्कचं मात्र घरात एकदाही ऐकलं नाही. एवढंच म्हणाले होते मी."

बायकांच्या बाजूनं आधी टाळी पडली. मग हसू फुटलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसल्या आशाबाई.

"आणि आता विषय निघालाच आहे तर सांगते," वासंतीबाईंना थांबवेना. "यांचं एकही भाषण स्वयंपाकघरातून पास झाल्याशिवाय ऑफिसात गेलेलं नाही. पोळ्या लाटताना मी ऐकायची. इथं लांबलं, इथं कुणाला कळणार नाही, हे काढा. ते काढायचे. तुम्ही जे छान छान ऐकलं ना साहेबांच्या तोंडून, त्यातलं निम्मं मी कापून बारीक केलेलं आहे. कुणाला माहीत आहे का? नाही. यांनी सांगितलं का? नाही. आणि आता स्वतः बोलायला निघाले म्हणून माझं नाव घेतलं, तर तोंडात यात्रेकरू घातले!"

चिंतामणराव माईक धरून उभे होते. आपले शब्द दुसरे वापरतात म्हणून ते जन्मभर कुढले होते. आणि घरातल्या या माणसाच्या तोंडी, तिला न विचारता, सरळ एक वाक्य टाचून मोकळे झाले होते, 'सोबत' टाचावं तसं. लाज वाटली. खरीखुरी, कानापर्यंत लाज वाटली. त्यांनी हातातली पानं चाळली. अकरा पानांत आभार या शब्दाचं मूळ खणून काढलं होतं, आणि आभार एकही नव्हते.

"वासंती म्हणाली तेच बरोबर आहे," ते म्हणाले. "भाषणं आमची दोघांची होती. हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं. मी तुझा आभारी आहे."

ते पुढचं पान शोधू लागले. पानं डोळ्यांसमोर धूसर झाली. वामनराव घड्याळ पाहत आभारप्रदर्शनाला उठायच्या बेतात, तेवढ्यात मंचावरून जानरावजींचा आवाज आला.

"हे सगळं झालं बरं, पण पुढं काय? मी डेन्मार्कातच अटकलो. स्वीडनमधी काय म्हन्तात?"

"सोनाळ्याले जायचं हाय ना तुमाले?" आशाबाई म्हणाल्या.

"राहू दे सोनाळा. वाचा हो, पाठक साहेब."

चिंतामणरावांनी पानांची घडी घालून खिशात ठेवली आणि डोळे पुसले. "स्वीडनमध्ये ताक म्हणजे छप्पर," त्यांनी सुरुवात केली, आणि सवयीनं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. वासंतीबाई खाली बसल्या होत्या. मांडीवरच्या पर्सवर दोन बोटांची कात्री करून त्या हळूच चालवून दाखवत होत्या.

चिंतामणरावांनी स्वीडन चार मिनिटांत आटोपलं आणि हॉलंडला हातच लावला नाही.